भाषांतर आधी करू नका

मुलीला जावयांपाठोपाठ बार्सिलोनाला जायचं होतं. त्यासाठी विवाह नोंदणीचा दाखला अपोस्टिल करून, स्पॅनिश भाषांतरासह हवा होता. एजंटाने आधी भाषांतर आणून दिलं, मग मूळ दाखला अपोस्टिलला पाठवला. व्हिसाच्या खिडकीवर दोन्ही परत आले. अपोस्टिलचा स्टिकर दाखल्याच्या पाठीवर, आणि भाषांतरात त्या पाठीचं एक अक्षर नाही! शिवाय भाषांतर करणाऱ्यांचं लेटरहेड झकास होतं, गोल शिक्काही होता. पण स्पेनच्या परराष्ट्र मंत्रालयाने नेमलेल्या शपथबद्ध भाषांतरकारांच्या यादीत त्यांचं नाव नव्हतं. म्हणून आधी स्टिकर लागू द्या, मग दाखल्याच्या दोन्ही बाजू स्कॅन करून यादीतल्याच माणसाकडे पाठवा. यादी ते मंत्रालय स्वतःच प्रसिद्ध करतं, एजंटाच्या शब्दावर राहू नका.

अपोस्टिल म्हणजे दाखल्यातला मजकूर खरा असल्याची हमी नव्हे. सही-शिक्का अस्सल आहे, एवढंच ते सांगतं. १९६१ च्या हेग कराराची ही सोय भारतात २००५ पासून आहे. आपल्या पालिकेच्या निबंधकाची सही दिल्लीला कशी ओळखू येणार? म्हणून विवाहाच्या दाखल्यावर आधी राज्य शासनाचा शिक्का लागतो, मग आपल्या परराष्ट्र मंत्रालयाचा स्टिकर. पासपोर्ट कार्यालयाने दिलेलं पोलीस क्लिअरन्स मुळात केंद्राचंच, त्याला मधली पायरी नाही. तिचे पैसे कोणी मागितले तर देऊ नका. मंत्रालय २०१२ पासून कागद थेट लोकांकडून घेत नाही, नेमलेल्या संस्थांमार्फत घेतं. त्यामुळे एजंट टळत नाही, पण अपोस्टिलची सरकारी फी कागदामागे अवघी ५० रुपये आहे. बाकीचे हजार कशाचे, ते पावतीवर लिहून घ्या.

नातेवाइकांचे सल्ले तर विचारूच नका. दुबईला गेलेला भाचा ‘दूतावासाचा शिक्का लागतोच’ म्हणतो, ते अमिरातीपुरतं खरं, कारण ती या करारात नाही. सौदी मात्र २०२२ मध्ये करारात आला, तेव्हा तिथला जुना अनुभव आता कामाचा नाही.

लॅमिनेशन ही आपल्याकडची खास हौस. प्लॅस्टिकवर शिक्का उमटत नाही आणि सोलायला गेलं की कागद फाटतो. असा दाखला घरच्या फाइलीत राहू द्या, नोंदणी कार्यालयातून ताजी प्रत काढा.

नावांकडे मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. स्पेनमध्ये लग्नानंतर बायका आडनाव बदलत नाहीत आणि प्रत्येकाला दोन आडनावं असतात. आपल्या दाखल्यात मुलीचं माहेरचं नाव, पासपोर्टवर सासरचं, मध्ये कधी वडील तर कधी नवरा. तिथल्या कारकुनाला या दोन वेगळ्या बायका वाटल्या तर त्याचा दोष नाही. नावबदलाचं राजपत्र असेल तर तेही अपोस्टिल आणि भाषांतर करून सोबत जोडा. भाषांतरकाराला दाखल्याबरोबर पासपोर्टचं पहिलं पानही पाठवा, म्हणजे स्पेलिंग तो तिथूनच उचलेल.