आई गोळ्यांवर असेल तर बाळाला दूध कुठलं?



आज मत्स्यबीज आणि जाळ्यांच्या अनुदानाचं काही नाही. संस्थेच्या ऑफिसात हप्ता भरायला आलेलं माणूस जाता जाता दारात थांबतं आणि हळूच विचारतं, "सुनेला एचआयव्ही निघालाय, दिवस भरत आलेत. अंगावर पाजायचं की डब्याचं दूध आणायचं?" नाव ते सांगत नाहीत, आम्हीही विचारत नाही. बेळगाव-बागलकोट भागात हा आजार बऱ्याच वर्षांपासून आहे, तेव्हा आता उघडपणे लिहिलेलं बरं.

सरकारी दवाखान्यात सांगतात ते असं. आईच्या एआरटी गोळ्या रोज चालू असतील तर पहिले सहा महिने बाळाला फक्त अंगावरचं दूध. नंतर भात-वरण, पेज सुरू करायची आणि वर्षाचं होईपर्यंत दूधही चालू ठेवायचं.

दुधातून विषाणू जाऊ शकतो, हे खरं आहे. औषधच नसेल तर गरोदरपण, बाळंतपण आणि पाजणं मिळून 100 पैकी 15 ते 45 बाळांना लागण होते. औषध नीट घेतलं तर 5 पेक्षा कमी. 2014 पासून आपल्या देशात लागण असलेल्या प्रत्येक गरोदर बाईला या गोळ्या जन्मभर फुकट मिळतात. म्हणजे बाळाचं राखण ती रोजची गोळी करते. ती चुकवली तर दूध कुठलं, हा प्रश्नच फसवा.

मग डब्याचं दूध का नको? पाण्यामुळं. नदीकाठच्या माणसाला हे वेगळं सांगायला नको. 2019 च्या ऑगस्टमध्ये वेदगंगा, दूधगंगा घरात शिरल्या तेव्हा पाणी उकळायला चूल तरी कोरडी होती का? आफ्रिकेतल्या बोट्स्वाना देशात सरकार अशा आयांना डब्याचं दूध फुकट देत होतं. 2006 च्या सुरुवातीला मोठ्या पावसानंतर तिथं हगवणीची साथ आली. अंगावर न पिणारी बाळंच जास्त आजारी पडली, कितीतरी दगावली. लांबचं कशाला, पुण्याच्या ससूनमधल्या डॉक्टरांनी 2003 मध्ये हेच मांडलं होतं, की वरच्या दुधावरची बाळं पहिल्या महिन्यांत जास्त वेळा दवाखान्यात भरती होतात.

सगळ्यात वाईट म्हणजे थोडं हे, थोडं ते. 1999 मध्ये दक्षिण आफ्रिकेतल्या दरबानच्या अभ्यासात दिसलं की दोन्ही दूध मिळणाऱ्या बाळांना, नुसतं अंगावर पिणाऱ्यांपेक्षा लागण जास्त झाली. बाहेरच्या पदार्थानं आतड्याचं कोवळं अस्तर दुखावतं, असं डॉक्टर सांगतात. म्हणून आज्ज्यांनो, राग मानू नका, पण मध, गुटी, साखरपाणी, गाईचं दूध, उन्हाळ्यातलं चमचाभर पाणीसुद्धा सहा महिने नको. डॉक्टरांनी दिलेलं औषध तेवढं चालतं. चुकून कुणी मध चाटवलाच तर घाबरून पाजणं बंद करू नका, समुपदेशक बाईंना सांगा. स्तनाला चीर पडली, गाठ आली, रक्त आलं तर त्या बाजूचं पाजायचं थांबवून त्याच दिवशी दवाखाना गाठायचा.

एखाद्या आईला तरी डब्याचंच दूध द्यायचं असेल तर तो तिचा निर्णय. समुपदेशक आधी हिशोब विचारतात: पाणी शुद्ध आहे का, रात्री तीनदा उकळणार कोण, सहा महिने डबे परवडतील का? सासूनं किंवा नवऱ्यानं परस्पर ठरवायचं हे नव्हे. आणि कुणाला लागण आहे हे त्या व्यक्तीच्या संमतीशिवाय बाहेर सांगायला 2017 च्या कायद्यानं बंदी आहे. बंधाऱ्यावरच्या गप्पांनाही हे लागू धरा.

बाळाला जन्मल्याबरोबर औषध सुरू होतं, किती आठवडे द्यायचं ते डॉक्टर ठरवतात. सहा आठवड्यांनी रक्ताची पहिली तपासणी, मग मधल्या तपासण्या, शेवटची अठराव्या महिन्यात. पहिली चांगली आली म्हणून बाकीच्या सोडायच्या नाहीत, कारण बाळ अजून पीत असतं. दूध तोडायचं तेही एकदम नाही, महिनाभरात हळूहळू.

चौकशीसाठी 1097 हा फुकट नंबर आहे, नाव सांगावं लागत नाही. हिडकल किंवा अलमट्टीच्या पाण्यावर मुक्कामी जाणार असाल तर निघण्याआधी एआरटी केंद्रात सांगून तेवढ्या दिवसांच्या गोळ्या बरोबर घ्या, आणि होडीतल्या ओल्या पिशवीत ठेवू नका.