औंधच्या डोंगरावरील संग्रहालय

डोंगरावरची जुनी वास्तु पाहावयाची म्हणजे पडके बुरूज आणि कोरडीं टाकीं पाहावयाचीं, अशी आम्हां सातारकरांची समजूत असते. अजिंक्यताऱ्यावर जाऊन आलेल्यांची ती असणें साहजिकच आहे. खटाव तालुक्यांतील औंधचा डोंगर मात्र हा समज खोटा ठरवितो. माथ्यावर यमाईचें मूळपीठ असून त्यास किल्ल्यासारखा तट आहे; आणि चढण अर्धी सरली न सरली तोंच श्रीभवानी संग्रहालयाची इमारत लागते.

औंधकर प्रतिनिधि हे, इ. स. १७०६ मध्यें अजिंक्यतारा मोंगलांकडून परत घेणाऱ्या परशुराम त्रिंबकांचे वंशज. त्यांच्यापैकीं भवानराव ऊर्फ बाळासाहेब हे स्वतः चित्रकार होते. त्यांनीं १९३८ सालीं हें संग्रहालय उभारिलें. राजा रविवर्म्याचीं तैलचित्रें, पहाडी लघुचित्रें, हस्तिदंती कोरीव काम असें पुष्कळ येथें आहे. घाईनें सर्व दालनें पालथीं घालण्यापेक्षां एका वस्तूपुढें स्वस्थ उभें राहावें. हेन्री मूर या इंग्रज शिल्पकाराचें ‘माता व बालक’ हें दगडी शिल्प त्यासाठीं उत्तम. प्रथमदर्शनीं तें ओबडधोबड वाटतें, कित्येकांस हंसूंहि येतें. परंतु रविवर्म्याचीं रेखीव मुखें पाहून पुन्हां त्याजकडे वळावें, म्हणजे हुबेहूबपणा आणि सत्य या दोन निराळ्या गोष्टी आहेत हें कळूं लागतें.

इतका मोलाचा ठेवा खेडेगांवांत कशाला, तो मुंबईस असता तर हजारोंनीं पाहिला असता, असें कोणी म्हणतात. आक्षेप पोकळ नाहीं. पण ज्या राजानें हें मंदिर बांधिलें, त्यानेंच १९३९ सालीं राज्यकारभार प्रजेच्या हातीं सोंपविला. कुंडल, आटपाडी हे आज सांगली जिल्ह्यांत असलेले भागहि त्याच संस्थानांतले. कारभार खेड्यानें पाहावा आणि चित्रें मात्र शहरानेंच पाहावीं, हें त्यास कसें पटावें? १९४८ सालीं संस्थान विलीन झालें, संग्रह गांवींच राहिला. पुढें तो सरकारच्या व्यवस्थेखालीं आला.

परततांना उरलेली चढण टाळूं नये. तटाशीं उभें राहिलें कीं खालीं संग्रहालयाचें छप्पर आणि त्याहूनहि खालीं औंध गांव दिसतें.