शाळेशेजारचं बांधकाम : आवाज आणि कंपन

शाळेशेजारी नवी इमारत उभी राहतेय? मागच्या बाकावरच्या मुलाला धडा ऐकूच येत नाही, आणि तो सांगतही नाही. मग आवाजाचाच धडा घ्या.

ध्वनिप्रदूषण नियम, 2000 नुसार निवासी भागात दिवसा 55 आणि रात्री 45 डेसिबल ही मर्यादा आहे. 10 डेसिबल वाढले, की आवाजाची तीव्रता 10 पट होते. फरशीवर पाण्याचा पेला ठेवा. ब्रेकर जवळच चालू असेल तर पाणी थरथरताना दिसेल. पत्र्याचं कुंपण आवाज थोडा अडवतं, पण कंपन जमिनीतून येतं. म्हणून ते मुळाशीच कमी करावं लागतं. उदा. पायाचे खांब ठोकण्याऐवजी भोक पाडून ओतणं.

मुलांकडून आठवडाभर तारीख, वेळ नोंदवून घ्या. ती वही घेऊन बिल्डरला भेटा. ब्रेकर शाळा सुटल्यावर चालवा, एवढंच मागा. ऐकलं नाही, तर तीच वही तक्रारीला जोडा.