पिकअप ते इलेक्ट्रिक कार : पाचपटीचा हिशेब

‘डिझेलची पिकअप विकली, इलेक्ट्रिक कार घेतली, खर्च एकदम पाचपट कमी!’ असं वाक्य तुम्ही कुणाच्या ना कुणाच्या तोंडून ऐकलं असेल. वाक्य खोटं नाही. पण थर्मोच्या ओरलला हे उत्तर दिलं, तर सरांचा पुढचा प्रश्न ठरलेला : ‘पाचपट कशामुळे?’ आणि तिथे भल्याभल्यांची दांडी गुल होते. या लेखात तेवढ्या एकाच प्रश्नाचं उत्तर शोधायचं आहे.

उदाहरण घरचंच घेतो. माझे मामा जुन्नर तालुक्यात शेती करतात. टोमॅटो, थोडी द्राक्षं, दोन गाई. नारायणगावचा टोमॅटोचा बाजार त्यांच्या मळ्यापासून 14 किलोमीटरवर. बारा वर्षं त्यांच्या दारात डिझेलची पिकअप उभी होती. गेल्या वर्षी ती विकायची आणि लहान इलेक्ट्रिक कार घ्यायची असं त्यांच्या मनात आलं. घरात दोन तट पडले. मामी म्हणाल्या, घ्या. आजोबा म्हणाले, “शेतकऱ्याच्या दारात माल वाहणारी गाडी नको, अन् बसायची गाडी पाहिजे? लोक हसतील.” मामांनी मला फोन केला. “लेका, मेकॅनिकलला आहेस ना? मग मला नुसतं चांगलं-वाईट सांगू नको. हिशेब मांडून दे.” बँकेचं कर्ज काढायचं होतं, त्यामुळे हिशेब चुकून चालणार नव्हता.

पहिली पायरी : एकच माप

डिझेल लिटरमध्ये आणि वीज युनिटमध्ये मोजतात. तुलना करायची तर दोन्ही एका मापात आणायला हवं. एक लिटर डिझेलमध्ये साधारण 36 मेगाज्यूल ऊर्जा असते. एक युनिट म्हणजे 3.6 मेगाज्यूल. म्हणजे एक लिटर डिझेल बरोबर दहा युनिट. लक्षात ठेवायला अगदी सोपं.

मामांची पिकअप रिकामी असताना लिटरला 13 किमी देत होती. म्हणजे किलोमीटरला 0.77 युनिट. 24 युनिटच्या बॅटरीची लहान इलेक्ट्रिक कार आपल्याकडच्या रस्त्यांवर एका युनिटमध्ये साधारण साडेसात किमी जाते. चार्जिंगमध्ये थोडी वीज उष्णता होऊन जाते, ती धरली तर भिंतीतल्या सॉकेटमधून किलोमीटरला 0.15 युनिट. आता भागाकार करा : 0.77 भागिले 0.15. उत्तर पाच. डिझेल 90 रुपये लिटर आणि वीज 10 रुपये युनिट मानली, तर पिकअपला किलोमीटरला 6 रुपये 90 पैसे आणि कारला दीड रुपया.

दुसरी पायरी : पाचाचे दोन तुकडे

मामांनी एक वाहन बदललं असं आपण म्हणतो, पण खरं तर त्यांनी एकाच वेळी दोन गोष्टी बदलल्या. मोठी गाडी जाऊन लहान आली, हा एक बदल. इंजिन जाऊन मोटर आली, हा दुसरा. लॅबमध्ये एका वेळी एकच व्हेरिएबल बदलायचं असतं हे आपण पहिल्या वर्षापासून घोकतो. मग इथेही दोन्ही सुटे करून पाहू.

सपाट रस्ता, ताशी 60 किमी म्हणजे सेकंदाला 16.7 मीटर. गाडीला दोन गोष्टी अडवतात : टायरचं घर्षण आणि हवा. टायरसाठी रोलिंग रेझिस्टन्सचा गुणांक दोघांनाही 0.012 धरला.

पिकअप : ड्रायव्हरसह वजन 1800 किलो. टायरचा विरोध 1800 × 9.8 × 0.012 = 212 न्यूटन. पुढून ती कपाटासारखी उभी, म्हणून ड्रॅग कोएफिशंट 0.5 आणि क्षेत्रफळ 3 चौरस मीटर धरलं. हवेचा विरोध साधारण 250 न्यूटन. एकूण 462.

कार : ड्रायव्हरसह 1250 किलो. टायरचा विरोध 147 न्यूटन. ड्रॅग कोएफिशंट 0.35, क्षेत्रफळ 2.1 चौरस मीटर. हवेचा विरोध 123 न्यूटन. एकूण 270.

462 भागिले 270 म्हणजे 1.7. याचा अर्थ, इंजिन-मोटरचा विषय न काढताही, नुसती लहान आणि गुळगुळीत गाडी घेतल्यामुळे काम 1.7 पटीनं कमी झालं. पाचपटीतला उरलेला तिपटीचा वाटा तेवढा मोटरचा. 1.7 गुणिले 3 म्हणजे पाच. घाट, सिग्नल, एसी यात धरलेले नाहीत, त्यामुळे आकडे ढोबळ आहेत. पण वाटणी साधारण अशीच राहते.

तिप्पट कुठून आली?

डिझेल इंजिन वाईट असतं असं मुळीच नाही. नीट ओझ्यावर चालवलं तर ते इंधनातल्या उष्णतेचा 35 ते 40 टक्के भाग कामात बदलतं. गडबड होते ती कमी ओझ्यावर. रिकाम्या पिकअपला ताशी 60 नं पळायला चाकांवर जेमतेम 7.7 किलोवॅट लागतात आणि बॉनेटखाली पन्नासच्या वर किलोवॅटचं इंजिन बसलेलं! मेसच्या मोठ्या भट्टीवर एक कप चहा उकळण्यासारखं झालं. चहा होतो, पण भट्टी तापवण्यातच गॅस जातो. शिवाय बाजारात, फाटकाशी, चहाच्या टपरीपुढे गाडी ‘चालू’ उभी असते तेव्हा मायलेज शून्य.

मोटरचं तसं नाही. मोटर आणि तिचा कंट्रोलर मिळून बॅटरीतल्या विजेचा 85 ते 90 टक्के भाग चाकाकडे पोचवतात, आणि कमी ओझ्यावरही फार घसरत नाहीत. उभी असेल तर मोटर फिरतच नाही. आणखी एक गंमत उताराची. 1250 किलोची गाडी 500 मीटर उंचीवरून खाली आली तर mgh चं उत्तर येतं 1.7 युनिट. पिकअपमध्ये ही सगळी ऊर्जा ब्रेक तापवण्यात आणि इंजिन ब्रेकिंगमध्ये संपते. इलेक्ट्रिक कारची मोटर उतारावर जनरेटर होते आणि त्यातलं साधारण एक युनिट परत बॅटरीत भरते, म्हणजे सात किलोमीटर फुकट. मात्र एक पथ्य. माळशेज उतरायचा असेल तर वरच्या गावी बॅटरी 100 टक्के भरू नका. भरलेल्या घागरीत पाणी ओतता येत नाही. मग ब्रेकच तापतात.

आता उलट बाजू : ओझं

इथवरचा हिशेब ऐकून मामा खूश झाले. पण हा सगळा हिशेब रिकाम्या पिकअपचा होता. पिकअप बनवली आहे ओझ्यासाठी. तेव्हा 60 क्रेट टोमॅटोचा (मामांच्या भाषेत ‘कॅरेट’) हिशेब मांडला. 20 किलोचं एक, म्हणजे 1200 किलो माल.

पिकअप : भरलेली 14 किमी, लिटरला 10 च्या हिशेबानं 1.4 लिटर. परत रिकामी 14 किमी, 1.1 लिटर. एकूण अडीच लिटर, म्हणजे 25 युनिट.

कार : मागचं सीट पाडून फार तर 6 क्रेट. 60 क्रेटना दहा खेपा. दहा खेपा म्हणजे 280 किमी, म्हणजे 42 युनिट! वर एका चार्जिंगमध्ये तेवढं अंतर होतही नाही, आणि दहावी खेप पोचेपर्यंत बाजार उठलेला असतो.

बघा, पाचपट काटकसरी गाडी या कामाला पिकअपपेक्षा जास्त ऊर्जा खाते. म्हणून ‘कुठली गाडी चांगली’ हा प्रश्नच अर्धवट आहे. ‘कुठल्या कामाला’ हे जोडल्याशिवाय त्याला उत्तर नाही.

मग मामांचं काम काय? सुदैवानं मामा डिझेलची वही ठेवतात. ती घेऊन आम्ही एक रविवार बसलो. वर्षाच्या साधारण 300 खेपांपैकी मालाच्या खेपा 40. उरलेल्या 260 खेपांत पिकअपमध्ये काय होतं? मामा. कधी मामा आणि औषधाची बाटली, कधी मामा आणि मामी, कधी पेंडेचं एक पोतं. आजोबा वही ऐकत होते. म्हणाले, “म्हंजी टेंपो तुलाच वाहत होता की!” घरातला वाद तिथेच संपला.

पैशाचा ताळा

260 खेपांचे साधारण 12,000 किमी. किलोमीटरला 5 रुपये 40 पैसे वाचले, म्हणजे 64,800 रुपये. मालाच्या 40 खेपांना भाड्याची पिकअप, मामांना मिळालेला दर खेपेला 900 रुपये, म्हणजे 36,000 खर्च. त्या खेपांचं स्वतःचं डिझेल वाचलं ते 9,000. निव्वळ बचत वर्षाला 37,800 रुपये. ऑइल, फिल्टर, क्लच यांचा खर्च वाचतो तो वेगळा. आकडा चांगला आहे, पण ‘पाचपट’ ऐकून डोळ्यांपुढे येतो तेवढा नाही. कर्जाचा हप्ता या आकड्याकडे बघून ठरवायचा.

पिकअप मामांनी विकली ती ती चालवणाऱ्या गावातल्याच पोराला. तो आता पाच-सहा शेतकऱ्यांचा माल नेतो. गाडी तीच, पण ती आता बहुतेक वेळा भरलेली धावते. माझ्या मते या सगळ्या व्यवहारात ऊर्जेची एक मोठी बचत इथेच झाली, आणि तिला बॅटरीसुद्धा लागली नाही. रात्री-अपरात्री कुणाला दवाखान्यात न्यायचं झालं, तर आता मामांची कार जाते. पेशंटला हौद्यात गोधडीवर झोपवून न्यायचे दिवस गेले.

वायरिंग आणि कायदा : इलेक्ट्रिकलवाल्यांसाठी

कारबरोबर मिळणारा चार्जर 15 अँपिअरच्या सॉकेटला लागतो आणि 3.3 किलोवॅट घेतो. पूर्ण बॅटरीला आठ-नऊ तास, पण रोजच्या 46 किलोमीटरना सात युनिट, म्हणजे दोन-सव्वादोन तास पुरतात. मात्र घरातल्या मिक्सरसारखा हा पाच मिनिटांचा लोड नाही. तासन्‌तास 15 अँपिअर वाहिले की सैल स्क्रू आणि बारीक वायर तापते. म्हणून मीटरपासून स्वतंत्र 4 चौरस मिलिमीटरची तांब्याची वायर, स्वतंत्र एमसीबी आणि चांगलं अर्थिंग हवंच. मामांच्या घरी चार्जरचा लाल दिवा लागला आणि चार्जिंग सुरूच होईना. अर्थिंग नावालाच होतं. कोळसा-मीठ घालून नवा खड्डा भरला, पाणी ओतलं, तेव्हा दिवा हिरवा झाला. तो लाल दिवा म्हणजे कटकट नव्हे. ओल्या अंगणात अनवाणी उभ्या असलेल्या माणसाचा जीव तो वाचवत असतो.

आणखी एक. शेतीपंपाची वीज स्वस्त असते म्हणून मोटरीच्या पेटीतून कार चार्ज करायचा मोह होतो. ते करू नका. ज्या कामासाठी जोडणी घेतली, त्याहून वेगळ्या कामासाठी वीज वापरणं हा 2003 च्या विद्युत कायद्याच्या कलम 126 प्रमाणे अनधिकृत वापर आहे.

धूर कुठे गेला?

कारला सायलेन्सर नाही म्हणजे धूर नाही असं नव्हे. एक लिटर डिझेल जळलं की 2.68 किलो कार्बन डायऑक्साइड होतो. पिकअपचा किलोमीटरला 206 ग्रॅम. आपल्या देशातल्या विजेची सरासरी, केंद्रीय विद्युत प्राधिकरणाच्या आकडेवारीप्रमाणे, युनिटला साधारण 0.72 किलो. तारांमधली गळती धरून कारला किलोमीटरमागे 0.18 युनिट तयार करावं लागतं, म्हणजे 130 ग्रॅम. खर्च पाचपट घटला तरी कार्बन साधारण एक-तृतीयांशानं घटला. कारण उघड आहे. कोळशाचं वीजकेंद्रही उष्णतेचंच इंजिन. ते कोळशातल्या उष्णतेचा साधारण 35 टक्के भागच वीज करून देतं. बॉनेटखालची वाया जाणारी उष्णता चंद्रपूरला गेली, नाहीशी झाली नाही.

आणि इथेही दोन बदल सुटे करा. कारच्याच आकाराची, लिटरला 20 किमी देणारी डिझेल कार घेतली असती तर आकडा 134 ग्रॅम. जवळजवळ बरोबरी! डिझेल शुद्ध करून पंपापर्यंत आणायचा खर्च किंवा बॅटरी बनवायचा खर्च यात धरलेला नाही. पण एक फरक मोठा आहे. डिझेलचे 2.68 दहा वर्षांनीही 2.68 च राहणार. विजेचा आकडा मात्र खाली येऊ शकतो. 2025 च्या मध्यात देशाच्या स्थापित वीजक्षमतेचा निम्मा भाग बिगर-जीवाश्म स्रोतांचा झाला, जरी प्रत्यक्ष तयार होणाऱ्या विजेत अजून कोळशाचाच वाटा सगळ्यात मोठा आहे. मामा आता छतावर सोलर बसवून दुपारी चार्जिंग करायचं म्हणताहेत. तसं झालं तर त्याच कारचा आकडा आणखी खाली येईल.

तात्पर्य काय, वाहन बदलण्याआधी वही उघडा. गाडी काय करू शकते हे कंपनीचं माहितीपत्रक सांगतं. ती रोज काय करते हे फक्त वही सांगते.

स्वाध्याय

1. वरच्या आकड्यांत ताशी 60 ऐवजी 90 किमी वेग घ्या. हवेचा विरोध किती पट होतो? टायरचा किती?

2. 2022 मध्ये ‘छोटा हत्ती’ची इलेक्ट्रिक आवृत्ती आली, बॅटरी 21.3 युनिट, माल 600 किलो. एका युनिटला 5 किमी धरून मामांच्या 60 क्रेटचा हिशेब मांडा. किती खेपा? एका चार्जिंगमध्ये होतात का?

3. आपल्या मेसचा भाजीचा टेंपो रोज किती किलो भाजी आणतो आणि किती किमी फिरतो, ते मेस सेक्रेटरीला विचारा. टन-किलोमीटरला किती युनिट पडतात?

तिसऱ्याचं उत्तर ज्याचं आधी येईल, त्याचा रविवारचा चहा माझ्याकडे. भट्टीवर नाही, एका कपाच्या पातेल्यात!