शिसवाची मूठ

सहाव्या शतकात कॉस्मस नावाच्या अलेक्झांड्रियाच्या व्यापाऱ्याने लिहून ठेवलंय, की कल्याणच्या बंदरातून तांबं, कापड आणि ‘सेसमिना’ लाकूड बाहेर जातं. अभ्यासक हे लाकूड शिसवाचं मानतात. इतकं ते आपल्या गावचं. पण सुरीला त्याची मूठ बसवायला घ्या, लगेच नखरे सुरू. शिसव तेलकट असतं, त्यावर चिकट काही धरत नाही.

लाकूड जुनंच घ्या. पाडलेल्या वाड्यातल्या मोडक्या शिसवी खुर्चीचा एक पाय पुरतो. ते अनेक पावसाळे काढून स्थिरावलेलं असतं. शिवाय शिसवाच्या वंशातल्या झाडांच्या आंतरराष्ट्रीय व्यापारावर २०१७ पासून निर्बंध आहेत. सुरी अशी निवडा, जिचं पोलाद मुठीच्या टोकापर्यंत जातं. धारेवर जाड कागद आणि चिकटपट्टी गुंडाळून टाका.

पायातून ८ मिलिमीटर जाडीच्या दोन पट्ट्या कापा आणि पंधरा दिवस घरातच उभ्या ठेवा. वाकायचं असेल तर त्या आत्ताच वाकू देत. कापताना, घासताना तोंडावर मास्क हवाच. शिसवाच्या भुकटीने नाक चुरचुरतं, काहींच्या अंगावर पुरळ उठतं.

एक पट्टी पोलादावर आवळून धरा आणि पोलादातल्या भोकांतून आरपार भोक पाडा. दुसरीचंही तसंच. खाली टाकाऊ फळी ठेवा, नाहीतर भोकाच्या तोंडाशी टवका उडतो. ड्रिल हळू चालवा, मधूनमधून वर काढा. पितळी सळीचे तुकडे भोकांत घालून जुळणी पाहा. पात्याकडची कड आत्ताच घासून गुळगुळीत करा. मूठ चिकटल्यावर तिथे हात पोचत नाही.

आता खरं काम. मी पहिली मूठ जुलैत केली. पट्ट्या आदल्या दिवशी घासून ठेवल्या, झटपट सुकणारं चिकटद्रव्य लावलं, शिकंजा करकचून आवळला. दसऱ्याच्या आत एक पट्टी सुटून हातात आली. आतली बाजू तुळतुळीत होती, द्रव्य लाकडाला धरलंच नव्हतं. रात्रभरात आतलं तेल वर आलं होतं आणि जे द्रव्य उरलं होतं ते शिकंज्याने बाहेर पिळून काढलं होतं.

म्हणून पावसाळा टाळा. चिकटवायच्या आधी, त्याच बैठकीत, लाकडाची आतली बाजू आणि पोलाद ८० नंबरच्या पॉलिश पेपरने खरखरीत करा. पांढऱ्या सुती कापडावर अॅसिटोन घेऊन लाकूड पुसा. जवळ गॅस पेटलेला नको, खिडकी उघडी हवी. कापडावर जांभळट तपकिरी रंग उतरेल. कापड बदलत तो फिका होईपर्यंत पुसा. दोन मिनिटं वाळू द्या आणि लगेच चोवीस तासांत घट्ट होणारं अरल्डाइट, दोन्ही नळ्यांतलं समसमान, दोन्ही बाजूंना लावा. सळ्या घाला, शिकंजा बेताने आवळा. कडेने बारीक धार आली की थांबा. एक दिवस हात लावू नका.

आकार कानशीने द्या. यंत्राने घासलं तर पितळ तापतं आणि भोवतालचं लाकूड काळं पडतं. पुढे १२०, २४०, ४००, ६०० नंबरचे पेपर. जवसाचं तेल शिसवावर नीट सुकत नाही, चिकट राहतं. त्यापेक्षा मधमाशीचं मेण चोळून जाड कापडाने घासा. आतली जांभळी रेघ वर येते.

सुरी वापरली की धुऊन लगेच पुसा. खरकट्या भांड्यांच्या टबात ती रात्रभर पडली, तर कुठलीच मूठ टिकणार नाही.