फाशांवरची किताबी लढत

जॅक जॉन्सन आणि सॅम लँगफर्ड १९११ साली हेवीवेटच्या जागतिक किताबासाठी भिडले असते तर कोण जिंकलं असतं? हा वाद पानठेल्यावर सोडवायला गेलं की ज्याचा आवाज मोठा त्याचा बॉक्सर जिंकतो. वहीवर, फाशांनी सोडवला तर निदान दोघांना एकच नियम लागतो. त्याची ही कृती. विसाव्या शतकाच्या पहिल्या पंचवीस-तीस वर्षांतल्या लढतींसाठी ती बेतली आहे. आजच्या बारा फेऱ्यांच्या लढतींना जशीच्या तशी लावू नका.

साहित्य: ल्युडोचे दोन फासे, दोनशे पानी रेघांची वही, पत्त्याएवढे कापलेले पुठ्ठ्याचे तुकडे आणि जुन्या लढतींच्या नोंदी. बॉक्सरेक या संकेतस्थळावर त्या काळच्या बॉक्सरांच्या लढती तारीखवार मिळतात. समोर दुसरा माणूस असलेला बरा. एकट्याने खेळलं की लाडक्या बॉक्सरचा वाईट फासा हटकून पलंगाखाली जातो आणि परत टाकावा लागतो.

पहिली पायरी: माणूस नव्हे, माणसाचं वर्ष निवडा. जेम्स जेफ्रीज १९०४ चा वेगळा आणि १९१०चा वेगळा. मध्ये जवळजवळ सहा वर्षं तो रिंगपासून दूर होता, वजन बेसुमार वाढलं होतं, आणि ते उतरवून तो पस्तिसाव्या वर्षी रेनोत जॉन्सनसमोर उभा राहिला. एकाच नावाची दोन कार्डं करायला लाजू नका. जॉन्सनचीही दोन लागतील: १९०८ ते १९१० एक, आणि १९१५ साली हवानाच्या उन्हात जेस विलर्डकडून सव्विसाव्या फेरीत आडवा झालेल्या सदतीस वर्षांच्या माणसाचं दुसरं.

दुसरी पायरी नोंदी वाचण्याची, आणि सगळी मेख इथेच आहे. विजय, पराभव, बरोबरी असे तीन रकाने आखून बसलात तर पहिल्याच पानावर फसाल. १९११ ते १९१७ या काळात न्यूयॉर्क राज्यात फ्रॉली कायदा होता. त्यात दहा फेऱ्यांची लढत चाले, पण दोघं शेवटपर्यंत उभे राहिले तर निकाल द्यायचाच नाही. इतरही काही राज्यांत हीच रीत होती. अशी लढत ‘निर्णय नाही’ म्हणून नोंदली जाई. ती बरोबरी नव्हे. पैजा लावणारी मंडळी दुसऱ्या दिवशीची वर्तमानपत्रं उघडत आणि रिंगजवळ बसलेल्या बातमीदाराने कोणाला वरचढ म्हटलंय ते बघून हिशेब चुकते करत. म्हणून या लढतींसाठी चौथा रकाना आखा, त्यात वर्तमानपत्री कौल लिहा आणि त्याला अर्धं वजन द्या. बातमीदारही कोणाच्या तरी गावचा असतो, हे ध्यानात ठेवा. दोन पत्रांचा कौल उलटसुलट असेल तरच ती बरोबरी धरा. या एका रकान्याने कितीतरी बॉक्सरांची पत बदलते. ‘नुसत्या बरोबऱ्या करणारा’ वाटलेला माणूस प्रत्यक्षात दरवेळी समोरच्याला धुऊन काढत होता, असं निघतं.

फाऊलवर गेलेल्या लढतीही वेगळ्या काढा. १९०६ साली नेवाडातल्या गोल्डफील्डला जो गॅन्स आणि बॅटलिंग नेल्सन यांची लढत बेचाळिसाव्या फेरीत कमरेखालच्या ठोशावर संपली. नेल्सनच्या नावावर पराभव लागला, पण तो कोसळला नव्हता. अशा पराभवाने हनुवटीचा आकडा कमी करायचा नाही.

तिसरी पायरी: कार्डावर चार आकडे लिहा. कसब, घाव, हनुवटी, दम. हल्ला आणि बचाव वेगवेगळे लिहायचा मोह प्रत्येकाला होतो. पण दोन्ही आकडे शेवटी त्याच बेरजेत जातात, वही मात्र दुप्पट भरते. एकच कसब ठेवा.

कसब १ ते ८. गावातला होतकरू २-३, नेहमीचा व्यावसायिक ४-५, किताबाचा दावेदार ६-७, बहरातला विजेता ८. आकडा ठरवताना निवडलेल्या वर्षाच्या आसपासचे प्रतिस्पर्धी बघा. दुबळ्यांवरच्या वीस विजयांनी कसब वाढत नाही.

घाव ० ते ४. कसब ५ किंवा वरच्या लोकांवर मिळवलेले विजय तेवढे मोजा. त्यातले चारपैकी तीन नॉकआऊटने असतील तर ४, निम्मे असतील तर २, चौथाई असतील तर १. लँगफर्ड आणि जॅक डेम्प्सी चारचे, जॉन्सन दोनचा. जॉन्सनची ताकद कमी नव्हती, पण तो समोरच्याला खेळवत बसे. वजनात दर सात किलोंच्या फरकाला जड माणसाचा घाव एकाने वाढवा, पण दोनपेक्षा जास्त नाही.

हनुवटी सगळ्यांची १० पासून. बहराच्या वर्षांत खरोखर नॉकआऊट झालेल्या प्रत्येक लढतीमागे एक वजा, सहाच्या खाली मात्र न्यायची नाही.

दम म्हणजे कितव्या फेरीपर्यंत माणूस ताजा राहतो. आतापर्यंतच्या सर्वांत लांब लढतीचा पाऊण भाग धरा. मधे मोठा खंड पडला असेल तर त्याचा निम्मा. दम संपला की पुढच्या फेरीपासून कसबातून एक जातो, आणखी पाच फेऱ्यांनी आणखी एक.

दमाचा आकडा कागदावर फार स्वस्त होतो, म्हणून एक उपाय. अकोल्यात बॉक्सिंगची क्रीडा प्रबोधिनी आहे. तिथे शिकलेलं एखादं पोरगं ओळखीचं असेल तर त्याला विचारा, तीन मिनिटांच्या तिसऱ्या फेरीत हात किती जड होतात. कोणी ओळखीचं नसेल तर मोबाईलवर तीन मिनिटं लावा आणि हवेत ठोसे मारत राहा. मग जॉन्सन-जेफ्रीज लढत पंचेचाळीस फेऱ्यांची ठरली होती हे पुन्हा वाचा. उन्हाचाही नियम आहे. रेनो, हवाना आणि १९१९ ची डेम्प्सी-विलर्ड यांची टोलेडो, तिन्ही लढती उघड्यावर आणि उन्हात झाल्या. तिथे दोघांच्याही दमातून चौथाई काढा. मे महिन्यात अकोल्यात राहिलेल्या माणसाला याचं कारण सांगायला नको.

चौथी पायरी, फेरी. प्रत्येकाने दोन फासे टाकायचे, बेरजेत आपलं कसब मिळवायचं. ज्याची बेरीज जास्त त्याची फेरी, सारखी आली तर सम. फरक पाच किंवा जास्त असेल तर हरलेल्यावर पडझडीची चाचणी येते. समान कसबाच्या दोघांत एका बॉक्सरला असा फरक साधारण दहा फेऱ्यांत एकदा मिळतो. कसब दोनाने जास्त असेल तर चार फेऱ्यांत एकदा. म्हणून आकडे देताना हात आखडता ठेवा. एक आकडा सैल दिला की लढत एकतर्फी होते.

चाचणी अशी: मारणाऱ्याने दोन फासे टाकून त्यात आपला घाव मिळवायचा. बेरीज समोरच्याच्या हनुवटीपेक्षा जास्त आली तर तो पडला. मग पडलेल्याने एक फासा टाकायचा. १ किंवा २ आले तर दहा मोजून झाले, लढत संपली. ३ ते ६ आले तर उठला. उठला म्हणजे सुटला नव्हे. त्या काळी मारणाऱ्याने लांबच्या कोपऱ्यात जाऊन थांबण्याची सक्ती नव्हती. तो डोक्यावरच उभा असे आणि गुडघा जमिनीवरून सुटला की पुन्हा ठोसा. म्हणून लगेच दुसरी चाचणी, या वेळी घावात आणखी एक मिळवून, आणि तो पडेनासा होईपर्यंत हेच चक्र. टोलेडोला डेम्प्सीने विलर्डला पहिल्याच फेरीत सात वेळा पाडलं, ते याच रीतीमुळे. आपल्या फाशांत सात वेळा पडून सातही वेळा उठणं सतरातून एखादवेळीच जमतं. १९०९ साली पॅरिसमध्ये जो जेनेट सॅम मॅकव्हेसमोर सत्तावीस वेळा पडून एकोणपन्नासाव्या फेरीत जिंकला. ते फाशांवर पन्नास हजारांत एकदासुद्धा होणार नाही. तरी त्याच्यासाठी नियम वाकवू नका.

१९२७ च्या शिकागोतल्या डेम्प्सी-टनी लढतीला मात्र कोपऱ्याचा नियम लावा: दुसरी चाचणी नाही. आणि मारणाऱ्याच्या फाशावर १ आला तर तो कोपऱ्यात जायला रेंगाळला असं धरून पडलेल्याला उठण्याचा आणखी एक फासा द्या. टनीला असेच जादा सेकंद मिळाले होते आणि तो लढत जिंकला.

दोन्ही फाशांवर एक-एक आला तर फाऊलची ताकीद, दुसऱ्यांदा आला तर बाद.

एक फेरी जवळून बघू. जॉन्सन-लँगफर्ड, १९११, सातवी फेरी. जॉन्सनला ३ आणि २, कसब ८, एकूण १३. लँगफर्डला ६ आणि ५, कसब ७, एकूण १८. फरक पाच, चाचणी आली. लँगफर्डचे फासे ४ आणि ३, घाव ४, बेरीज ११. जॉन्सनची हनुवटी १०. पडला! एक फासा: ४. उठला. समोरचा ओरडतो, ‘‘काऊन बे, उठला कसा?’’ दुसरी चाचणी: २ आणि २, घाव ५, बेरीज ९. सावरला. वहीत लिहा: फेरी ७, लँगफर्ड, पाडलं १. वजनाचा नियम इथे जॉन्सनला फारसा देऊ नका, १९११ चा लँगफर्ड भरलेला होता. १९०६ साली हे दोघे खरंच लढले तेव्हा तो बारा-तेरा किलोंनी हलका होता आणि पंधरा फेऱ्यांत गुणांवर हरला. किताब मिळाल्यावर जॉन्सनने त्याला पुन्हा संधी दिली नाही.

पाचवी पायरी, पडताळा. काल्पनिक लढतीआधी ज्याचा निकाल माहीत आहे ती लढत वीस वेळा चालवा. जॉन्सन ८, घाव २, दम १५. १९१०चा जेफ्रीज ५, हनुवटी १०, दम ९. ऊन लावलं की जॉन्सनचा दम ११, जेफ्रीजचा ७. या आकड्यांवर निम्म्याहून जरा जास्त वेळा जेफ्रीज पंधराव्या फेरीपर्यंत संपतो. रेनोला तो पंधराव्याच फेरीत संपला. वीसच्या वीस वेळा तसंच झालं तर आनंदू नका, आकडे इतिहास बघून फुगवलेत असा त्याचा अर्थ. एकदाही झालं नाही तर कार्ड परत लिहा.

सहावी पायरी, पूर्ण कारकीर्द. तिसाव्या वर्षापर्यंत आकडे तसेच. पुढे दर वाढदिवसाला एक फासा: १ किंवा २ आला तर कसबातून किंवा दमातून एक वजा. पस्तिशीनंतर १ ते ४ पर्यंत वजा. तीनदा पडलेल्या लढतीनंतर महिन्याच्या आत पुन्हा रिंगमध्ये उतरवलं तर दम निम्मा. ‘निर्णय नाही’ प्रकारच्या लढतीत किताब फक्त नॉकआऊटने किंवा फाऊलने जातो. १९१६ मध्ये फ्रँक मोरान न्यूयॉर्कला विलर्डशी दहा फेऱ्या लढला तो याच अटीवर. म्हणून आव्हानवीराला एक हत्यार द्या: फेरीआधी तो ‘उसळी’ जाहीर करू शकतो. त्या फेरीत चाचणीसाठी पाचऐवजी चारचा फरक पुरतो, पण दोघांनाही.

आणि रंगाची भिंत. जेनेट, मॅकव्हे, लँगफर्ड आणि पुढे हॅरी विल्स या कृष्णवर्णीय बॉक्सरांच्या कारकिर्दी चालवताना वहीच्या वर आधीच लिहा, ‘इतिहासाप्रमाणे’ की ‘दार उघडं’. पहिल्यात गोऱ्या विजेत्याकडून त्यांना किताबी लढत मिळत नाही, ती मंडळी आपसातच पुन्हापुन्हा लढतात. दुसऱ्यात डेम्प्सीला विल्सशी लढावं लागतं. दोन्ही चालवा, पण एका पानावर मिसळू नका.

आपल्याकडच्या माणसांना बॉक्सिंगपेक्षा कुस्ती जवळची. १९१४ साली अमरावतीत श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ सुरू झालं, त्याच वर्षी जॉन्सन पॅरिसमध्ये मोरानशी वीस फेऱ्या लढत होता. तेव्हा याच वहीत गामा पहिलवानालाही घ्या. फेऱ्यांऐवजी पाच मिनिटांचे टप्पे, हनुवटी आणि घाव रद्द, बेरजेत सहा किंवा जास्त फरक पडला की चीतपट. शिवाय टप्प्याआधी पहिलवानाला पालथं पडून राहायची मुभा. मग सहाऐवजी नऊचा फरक लागतो, पण त्या टप्प्यात तो स्वतः जिंकू शकत नाही. गामा ८, त्याचा प्रतिस्पर्धी झिबिस्को ६. सप्टेंबर १९१० मध्ये लंडनला झिबिस्को अडीच तासांहून जास्त वेळ बहुतेक पालथाच राहिला आणि कुस्ती सुटली नाही. आठवड्याने ठरलेल्या फेरकुस्तीला तो आलाच नाही. फाशांवर तो तीस टप्पे पालथा राहिला तर शंभरातून साधारण चव्वेचाळीस वेळा तगतो. उभा राहून लढला तर दोनशेतून एखादवेळी. १९२८ साली पतियाळात तो पुन्हा समोर आला, पन्नाशीला टेकलेला, आणि मिनिटाच्या आत चीत झाला. त्या कुस्तीसाठी झिबिस्कोचं कसब पाच धरा, गामाचं सात, आणि पालथं पडायची मुभा काढून घ्या. त्यानंतर त्या काळचा दुसरा पहिलवान फ्रँक गॉच याचं कार्ड करायला हरकत नाही. तो गामासमोर कधी आलाच नव्हता.