ट्रकवर वायरलेसचें एरियल कोठें बसवावें ?

उल्हास नदीच्या कांठच्या शेतकऱ्यांस पूर नवा नाहीं. सन २००५ च्या २६ जुलै रोजीं मुंबईस सांताक्रूझ येथें एका दिवसांत ९४४ मिलिमीटर पाऊस पडला; त्याच पावसांत उल्हास व वालधुनी या नद्यांचें पाणी उल्हासनगर, अंबरनाथ व बदलापूरकडील वस्त्यांत शिरलें. पुढें सन २०१९ च्या २७ जुलै रोजीं बदलापूर व वांगणी यांच्या दरम्यान महालक्ष्मी एक्स्प्रेस पाण्यांत अडकली व हजारावर उतारूंस बाहेर काढावें लागलें. अशा वेळीं आधीं वीज जाते. कांहीं तासांनीं मोबाइलच्या मनोऱ्यांच्या बॅटऱ्या संपतात, आणि मग हातांतला फोन वेळ पाहण्यापुरताच उरतो. नदीकांठचीं गुरें हलवावयाचीं आहेत, ट्रक कोठपर्यंत जाऊं शकतो हें कळवावयाचें आहे, तर बोलण्याचें स्वतःचें साधन असावें लागतें. ज्या सोसायट्यांनीं आपल्या ट्रकवर दुहेरी बोलण्याचें वायरलेस यंत्र घेण्याचें योजिलें असेल, त्यांच्याकरितां पुढील मजकूर आहे.

केंद्र सरकारच्या दूरसंचार विभागाच्या परवान्यावांचून असें यंत्र चालवितां येत नाहीं, हें आरंभींच सांगून ठेवितों. परीक्षा देऊन मिळणाऱ्या हौशी परवान्यावर धंद्याचें बोलणें, म्हणजे भाजीचा भाव किंवा मालाची ने-आण, चालत नाहीं. त्यासाठीं संस्थेस निराळा परवाना घ्यावा लागतो.

यंत्र घेतांना लोक तें किती वॅटचें आहे हें विचारतात. एरियल, म्हणजे ज्यास आतां सर्रास अँटेना म्हणतात तें, कोठें बसणार हें सहसा कोणी विचारीत नाहीं. तें काम मिस्त्रीवर सोपविलें जातें, आणि मिस्त्री जेथें तार ओढणें सोपें तेथें, बहुधा आरशाच्या दांड्यास किंवा बंपरास, तें आवळून टाकतो. आमच्या मतें पैसा वॅटांवर खर्च करण्यापूर्वीं जागेचा विचार करावा. वाईट जागीं बसविलेल्या एरियलावर मोठें यंत्र लावलें तरी त्याची शक्ति फुकट जाते. आणि ऐकण्याच्या कामीं तर वॅटांचा कांहींच उपयोग नाहीं.

याचें कारण असें आहे. आपणांस दिसणारी उभी दांडी हें एरियलाचें अर्धेंच अंग होय. दुसरें अर्धें अंग म्हणजे तिच्या बुडाशीं चोहोंकडे पसरलेला धातूचा पत्रा. पत्रा नसेल तर जोतास एकच बैल जुंपल्यासारखें होतें. दांडीची लांबी लहरीच्या लांबीच्या एक चतुर्थांश धरतात. हौशी लोक वापरतात त्या १४५ मेगाहर्ट्झच्या सुमारास लहर दोन मीटरांहून किंचित् लांब असते, म्हणून दांडी सुमारें अर्धा मीटर, म्हणजे हातभर होते. तिच्या बुडाभोंवतीं सर्व बाजूंस निदान तितकाच पत्रा असावा. ट्रकच्या केबिनचा टप इतका पत्रा सहज देतो, म्हणून टपाचा मध्य ही पहिल्या प्रतीची जागा होय. तेथून लहरी चोहोंकडे जवळजवळ सारख्या जातात व उंचीही मिळते.

दांडी टपाच्या कोपऱ्यावर बसविली तर ज्या बाजूस पत्रा अधिक, त्या बाजूस आवाज अधिक जातो. मागील डाव्या कोपऱ्यावरचें एरियल पुढें उजवीकडे चांगलें बोलेल, परंतु मागें डावीकडे कमी. ट्रक बदलापुराकडे तोंड करून असतां स्पष्ट ऐकूं येणारा माणूस ट्रक वळविल्यावर ऐकूं येईनासा झाला, तर यंत्र बिघडलें असें समजण्यापूर्वीं एरियलाची जागा पाहावी. बंपरावर तर एका बाजूस सबंध केबिन किंवा हौदा आडवा येतो. ती जागा शक्यतों घेऊंच नये.

आपल्या भागांत खरी अडचण निराळीच असते. भाताच्या पेंढ्याचा ट्रक भरतांना माल केबिनच्या वर चढतो व पुष्कळदां पुढें टपावरही झुकतो. कोरडा पेंढा लहरींस फारसा अडवीत नाहीं, पण पावसानें भिजलेला पेंढा त्या शोषून घेतो. शिवाय दोर आवळतांना दांडीच मोडते. अशा ट्रकवर एरियल टपाच्या मध्यापासून थोडें पुढें घ्यावें, आणि पेंढा टपावर येऊं न देण्याची ताकीद भरणाऱ्यांस द्यावी. टपावर लोखंडी कॅरियर असेल तर दांडी त्याच्या गजांच्या मध्यें खालीं ठेवूं नये. कॅरियरवरच पत्र्याची पट्टी पक्की बसवून तीवर दांडी उभी करावी, व कॅरियर टपास जाड वेणीच्या तारेनें जोडावा.

टप लोखंडाचा आहे कीं फायबरचा, हें रंगावरून कळत नाहीं. साधा लोहचुंबक टेकवून पाहावा. चिकटला नाहीं तर टपाच्या आंतून निदान मीटरभर रुंद ॲल्युमिनियमचा पत्रा लावून त्याच्या मध्यावर दांडी घ्यावी. चुंबकाच्या बुडाचीं एरियलें मिळतात. चांचणीस तीं उत्तम, पण खडबडीत रस्त्यावर झाडाची फांदी लागतांच तीं लोळण घेतात. कायमच्या कामास टपास भोंक पाडण्याचें धैर्य करावें. भोंकाच्या आंतील कडेचा रंग खरवडून उघडा पत्रा बुडास लागूं द्यावा, वर रबराची चकती घालावी. कोंकणच्या पावसांत केबलमध्यें पाणी शिरलें कीं आंतलें तांबें काळें पडतें व एरियल हळूहळू मुकें होतें. याकरितां केबल आंत घेण्यापूर्वीं तिला खालीं एक झोल द्यावा, म्हणजे पाणी तेथेंच ठिबकून जाईल.

उंचीचा लोभ बेतानें धरावा. रेल्वेच्या फाटकापाशीं उंचीची कमान असते ती उगीच नव्हे. वरच्या तारेंत २५,००० व्होल्टांची वीज खेळते, आणि तारेस न टेकतां नुसतें जवळ गेल्यानेंही प्राण जातो. दांडीसकट ट्रकची उंची मोजून ती केबिनमध्यें लिहून ठेवावी.

बहुतेक मोठ्या ट्रकांत २४ व्होल्टांची वीज असते आणि यंत्रें बहुधा १२ व्होल्टांकडचीं. दोन बॅटऱ्यांपैकीं एकीवरून तार घेण्याची युक्ति कोणी सांगेल. ती ऐकूं नये, कारण त्यानें एक बॅटरी उपाशी व दुसरी अपचनानें मरते. व्होल्ट उतरविणारें उपकरण लावावें, तें एरियलाच्या केबलपासून दूर ठेवावें, व फ्यूज बॅटरीजवळच घालावा.

बसविल्यावर एसडब्ल्यूआर मीटर लावून पाहावें. आंकडा दीडाच्या आंत असला म्हणजे ठीक. परंतु मीटर फक्त शक्ति परत फिरत नाहीं एवढेंच सांगतें, ती कोठें पोंचते हें सांगत नाहीं. बदलापूर-अंबरनाथच्या पश्चिमेस व दक्षिणेस मलंगगड, चंदेरी व माथेरान यांचे डोंगर आहेत, आणि या लहरी डोंगर भेदून जात नाहींत. म्हणून एक माणूस सोसायटीच्या कचेरींत बसवून ट्रक वांगणीकडे, बारवी धरणाच्या रस्त्यानें व नदीकांठच्या वाड्यांकडे न्यावा. प्रत्येक ठिकाणीं ट्रक चारही दिशांस वळवून बोलावें, आणि कोठून ऐकूं आलें व कोठून नाहीं हें वहींत मांडावें. कांहीं ठिकाणीं ट्रक चार-पांच मीटर पुढें-मागें घेतल्यानेंच आवाज उघडतो. ती जागा खुणेनिशीं टिपून ठेवावी. हें सर्व ज्येष्ठांत, पाऊस लागण्यापूर्वीं, एकदां रिकाम्या व एकदां भरल्या ट्रकनें करावें.